पडदे पांढरे आहेत

लग्नाला दोन-तीन महिने उरले की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "घर अजून अर्धं रिकामं आहे. लग्नाआधी सगळं लागायला हवं ना? आणि साध्या खरेदीवरून आमची एवढी भांडणं होतायत, तर पुढे कसं होणार?" विचारणाऱ्यांना पहिल्या भागासाठी यादी हवी असते आणि दुसऱ्यासाठी धीर. अशा वेळी मी बहुतेकदा एका जोडप्याची हकीकत सांगते. त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

तो पहिल्यांदा एकटाच आला. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने मोबाइल पुढे केला. त्यात त्याच्या नव्या घराचे फोटो होते. पंचावन्न इंची टीव्ही, त्याखाली लांबलचक कॅबिनेट, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, खिडक्यांना झुळझुळीत पांढरे पडदे. सोफा यायचा होता, पण आगाऊ पैसे भरून झाले होते.

"मॅडम, यात काय कमी आहे ते तुम्हीच सांगा."

चार महिने सुट्टीचा एकेक दिवस खर्चून त्याने हे सगळं जमवलं होतं, तिला न सांगता. तिला थेट तयार घरच दाखवायचं असं ठरवलं होतं. ती आली, दोन्ही खोल्यांत फिरली आणि एवढंच म्हणाली, "पडदे पांढरे आहेत." मग गप्प. त्या दिवसापासून फोनवर जेवढ्यास तेवढं. लग्नाला नऊ आठवडे राहिले होते.

"पडद्यांवरून कोणी इतकं रुसतं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी दोघं या.

दोघं आली. ती परिचारिका, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. हे मला तिथे कळलं, त्याला अर्थातच आधीपासून माहीत होतं. मी त्यांना घराबद्दल काहीच विचारलं नाही. एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, लग्नानंतरचा पहिला कामाचा दिवस डोळ्यांसमोर आणा आणि हात कशाकशाला लागेल ते क्रमाने लिहा. एकमेकांचं बघायचं नाही.

त्याने भराभर लिहिलं. गजर, दिवा, दाढीचं सामान, इस्त्री, किल्ली. तिची यादी त्याच्या यादीच्या शेपटाला सुरू होत होती. तिच्या कागदावरच्या पहिल्या तीन ओळी मला अजून पाठ आहेत: "साडेआठला घरी येते. चपला काढते. पडदा ओढून अंधार करते."

कागदांची अदलाबदल केली. तिसऱ्या ओळीवर तो थांबला. बराच वेळ वाचत राहिला, जणू ओळ खूप मोठी होती.

"मला वाटलं, तुला रंग आवडला नाही."

"रंगाचं काय, रे. पातळ आहेत ते. दिवसा झोपू कशी मी?"

"मग तेव्हाच बोलायचंस की!"

"किती हौसेने दाखवत होतास. त्यावर विरजण कुठे घालू? आणि अख्खं घर लावून झालं, तोवर मी रात्री कामाला असते हे तुला एकदाही आठवलं नाही, हे काय तोंडाने सांगायचं?"

आता तिचं सगळं बरोबर आणि त्याचं सगळं चूक, असं इथे कोणाला वाटेल. तिलाही तसंच वाटत होतं. लगोलग तिने टेबलाचा विषय काढला. "दोघांच्या घरात सहा खुर्च्या कशाला? परत कर ते." तो चिडला नाही, खाली बघत बसला. मग म्हणाला, "आमच्या घरी सगळ्यांनी एकदम बसायला जागाच नव्हती. पाळीपाळीने जेवायचो. आई शेवटी, उभ्यानेच." हे त्याने तिला दोन वर्षांच्या ओळखीत सांगितलं नव्हतं. टेबलाचा विषय त्या दिवशी तिथेच थांबला.

म्हणून वस्तूंवरून भांडणाऱ्या जोडप्यांना मी "एवढ्याशा गोष्टीवरून काय भांडता" असं कधीच म्हणत नाही. त्यांच्या लेखी ती गोष्ट एवढीशी नसते. शिवाय वेळही तशीच असते. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 बदलांना ताणाचे गुण दिले. त्यात लग्नाला 50, रोजच्या सवयी बदलण्याला 24 आणि राहतं घर बदलण्याला 20. आनंदाची गोष्टही माणसाला दमवते, हे त्या तक्त्यात मांडलेलं आहे. ज्यांना एकाच महिन्यात हे तिन्ही करायचंय, त्यांचा आवाज दुकानात चढला तर नवल काय? अशा भांडणांवरून पुढच्या संसाराचं भविष्य मी तरी सांगत नाही.

एक अपवाद मात्र करते. एकाला कशातच बोलू दिलं जात नाही, त्याच्या पगाराचा हिशेबही दुसराच ठेवतो, मत मांडलं की शिक्षा म्हणून दिवस दिवस अबोला, असं चित्र दिसलं तर मी पडदे आणि सोफा बाजूला ठेवते आणि त्या व्यक्तीशी स्वतंत्र बोलते. तिथे अडचण सामानाची नसते. या दोघांचं तसं नव्हतं. त्याने विचारलं नाही, हा त्याचा उतावळेपणा. ती बोलली नाही, हा तिचा भिडस्तपणा.

मग त्याला विचारलं, एवढं सगळं घेतलंस कसं? मुळात फक्त टीव्ही घ्यायचा होता. टीव्ही आला तर खालचं जुनं स्टूल वाईट दिसायला लागलं, म्हणून कॅबिनेट. कॅबिनेटसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या शोभेनात, म्हणून सोफा. हे त्याच्या एकट्याचं नाही. फ्रेंच विचारवंत दिदरो याने 1769 साली आपली हीच फजिती लिहून ठेवली आहे. किरमिजी रंगाचा उंची झगा मिळाला आणि त्याच्यापुढे खोलीतलं मेज, खुर्ची, सगळंच कळकट वाटू लागलं. मग एकेक करून सगळं बदललं. घर लावताना पहिली वस्तू दिखाऊ घेतली की पुढच्या दहा वस्तू तीच ठरवते.

सोफा अजून आला नव्हता, म्हणून त्यांना घरचा अभ्यास दिला. जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडा, सोफ्याच्या मापाची म्हणजे सात फूट बाय तीन फूट चटई करा, ती सोफ्याच्या जागी अंथरा आणि संध्याकाळभर त्या घरात वावरा. कागदावर पाय पडला की सोफ्याला ठेच लागली असं समजायचं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, हसत होती. गॅलरीचं दार निम्मंच उघडत होतं. ओल्या कपड्यांची बादली घेऊन तिथून जायचं तर खेकड्यासारखं तिरकं चालावं लागत होतं. तो पाच वेळा सोफ्याला धडकला म्हणे. माणसाला सहज जायला अडीच-तीन फुटांची वाट लागते. त्यांच्याकडे जेमतेम दीड फूट उरली होती.

"पण आगाऊ भरलेले पैसे बुडतील," पुढच्या भेटीत तो म्हणाला. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा 1985 सालचा एक प्रयोग मी अशांना सांगते. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली, काहींना सवलतीत. नाटकं तीच, पण पूर्ण किंमत मोजलेले लोक पहिल्या निम्म्या हंगामात जास्त वेळा गेले. गेलेले पैसे पुढचे पाय ओढतात. आगाऊ रक्कम सोफा घेतला तरी गेलेलीच होती. न घेतला तर उरलेली रक्कम आणि गॅलरीचं दार तरी वाचणार होतं. आठवडाभर तळमळून त्याने तो रद्द केला. मला हायसं वाटलं, पण तसं दाखवलं नाही.

आता यादी. माझ्या मते लग्नाच्या दिवसापर्यंत घरात पहिल्या आठवड्यापुरतं असलं की पुरे. पाठीला मानवेल अशी गादी, आणि ती दोघांनी एकदम आडवं होऊन बघूनच घ्यायची. चादरींचे दोन जोड, उशा, झोपण्याच्या खोलीत गरज असेल तसा अंधार. बादली, मग, टॉवेल, ते अडकवायला हूक. शेगडी, दोन-तीन भांडी, एक चांगली सुरी, पाणी साठवायला काहीतरी. झाडू, कचऱ्याचा डबा, कपडे वाळत घालायला दोरी. आणि लोक हटकून विसरतात ते: किल्ल्यांचे दोन जोड, स्क्रू ड्रायव्हर, प्रथमोपचाराची पेटी, कागदपत्रांची एक फाइल. फ्रिज आणि कपडे धुण्याचं मशीन परवडत असेल तर आधी, नसेल तर महिन्या-दोन महिन्यांनी.

मोठं काही मागवण्याआधी दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजून घ्या. खोलीत बसेल अशी वस्तू खोलीपर्यंत पोहोचतेच असं नाही. फ्रिज आडवा करून आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा, कारण आडवा असताना कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत उतरू शकतं. कपडे धुण्याच्या समोरून दार असलेल्या मशीनच्या मागे वाहतुकीपुरते बोल्ट असतात, ते आधी काढायचे. आम्ही काढले नव्हते. आमचं मशीन पहिल्याच दिवशी थरथरत बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं होतं.

बाकी सगळं त्या घरात महिनाभर राहिल्यावर. कोण कुठे बसतं, पिशवी कुठे टाकली जाते, उजेड कुठून येतो, हे राहिल्याशिवाय कळत नाही. पाहुणे काय म्हणतील ही धास्ती मला समजते, पण पाहुणे दोन तास येतात. आणि एक आकडा दोघांनी मिळून ठरवावा, त्याच्या वरची कुठलीही खरेदी दुसऱ्याला विचारल्याशिवाय नाही. हप्त्यांवर घेतलेली वस्तूही त्यातच मोजायची, एका हप्त्याच्या नव्हे, पूर्ण किमतीने. आईवडिलांनी हौसेने देऊ केलेल्या मोठ्या कपाटांनाही हाच नियम, फक्त तिथे नकार ज्याचे आईवडील त्याने द्यावा.

लग्नानंतर तीनेक महिन्यांनी दोघं पुन्हा आली, वेगळ्याच कामासाठी. जाता जाता मी घराचं विचारलं. हॉलमध्ये अजून दोन गाद्या आणि लोड. टेबल राहिलं आहे, भिंतीला लावून. एका खुर्चीवर बसून ती अहवाल लिहिते, उरलेल्या पाचांवर इस्त्रीचे कपडे. त्याची आई आली की ते खाली उतरतात. जाड निळे पडदे दोघांनी मिळून घेतले, पण माप घेताना खिडकीची चौकट मोजली, दांडी तिच्या वर असते हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पडदे वीतभर आखूड निघाले आणि सकाळी खालून उजेडाची पट्टी आत येऊ लागली. मग तिने खाली एका जुन्या चादरीची पट्टी जोडली.

"पांढरी," तो म्हणाला.