आठवड्याच्या स्वयंपाकाचं अ‍ॅप: पाककृती राहू द्या, रात्री काय भिजत घालायचं ते सांगा

तुमचा प्रश्न असा आहे: थोडंफार फ्लटर (मोबाइल अ‍ॅप बनवायचं साधन) येतं, आठवड्याभराचं जेवण ठरवणारं अ‍ॅप करायचंय, तर हजारभर पाककृती कुठून मिळवू?

कुठूनच मिळवू नका. मी इंदूरची, नोकरी सॉफ्टवेअरचीच, आणि माझे पहिले तीन महिने याच खटाटोपात गेले. दुसऱ्याचा मजकूर नि फोटो उचलायचे नाहीत म्हणून 200च्या वर पाककृती स्वतःच्या शब्दांत टाइप केल्या. सासूबाईंनी फोन घेतला, दोन मिनिटं चाळला आणि म्हणाल्या, "अगं, मटकीची उसळ येते मला. मटकी भिजत घालायची राहते, तिथे घोडं अडतं."

त्याच रात्री मी पाककृतींचं टेबल, म्हणजे अ‍ॅपमधला त्यांचा माहितीचा तक्ता, काढून टाकलं. (खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी. रात्री फक्त चिडले.)

घरात फिरून फिरून तीस-चाळीस पदार्थच होतात, आणि ते करणारीला ते येतात. अडतं ते पूर्वतयारीपाशी. म्हणून प्रत्येक पदार्थाला एक जोडटेबल द्या: काम काय, आणि जेवणाच्या किती तास आधी. राजमा, छोले रात्री भिजत. मोडाची मटकी हवी तर आठ-दहा तास भिजणं आणि नंतर फडक्यात बांधून आणखी निदान 12 तास, म्हणजे बुधवारच्या उसळीची आठवण सोमवारी रात्रीच यायला हवी. इडलीचं पीठ उन्हाळ्यात रात्रभरात फुगतं, पण आमच्याकडच्या जानेवारीत सकाळी डबा उघडावा तर पीठ जसंच्या तसं. तेव्हा हे तास घरच्यांना बदलता आले पाहिजेत.

दुसरी चूक मी मांडणीत केली. सोमवार ते रविवार, तीन वेळा, असे 21 चौकोन. दिसायला फार सुंदर! पण मंगळवारी संध्याकाळी नवरा म्हणतो, चल, आज सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) जाऊ. तिथे भुट्ट्याचा कीस खाऊन आल्यावर घरी कोण जेवणार? मग चौकोनातली भेंडी बुधवारी, बुधवारचं गुरुवारी, आणि शनिवारपर्यंत सगळा तक्ता खोटा. जेवण वाराला बांधू नका. तारीख आणि वेळ एवढंच साठवा, आणि 'पुढे ढकला' असं एक ठळक बटण द्या. आमच्या घरात सगळ्यात जास्त तेच दाबलं जातं. फक्त भिजत घातलेल्या पदार्थाला खूण ठेवा: तो ढकलला तर अ‍ॅपने टोकलं पाहिजे, कारण मोड आलेली मटकी आठवडाभर वाट बघत बसत नाही.

आता उपास. संकष्टी, एकादशी वाराला चिकटलेल्या नसतात, तिथीने येतात. मी तयार मिळालेलं एक पंचांग जोडलं आणि 11 जुलै 2025ला अ‍ॅपने जाहीर केलं, 'श्रावण सुरू, कांदा-लसूण बंद'. सासूबाई म्हणाल्या, आषाढ संपला कधी? झालं होतं असं की आमच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला मराठी माणसांचा अमावास्येला. त्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो. आपला श्रावण त्या वर्षी 25 जुलैला लागला. पुण्यात बसून अ‍ॅप करणाऱ्याला हे कदाचित सुचणारही नाही, पण इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांसाठी करत असाल तर महिन्याची पद्धत निवडायची सोय हवीच. तिथी गणिताने काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. वर्षाच्या तारखांची छोटी यादी भरा आणि ती घरच्यांना हलवता येऊ द्या, कारण एकादशीही कधी कधी स्मार्त नि भागवत अशी दोन दिवस येते.

खरेदीची यादी करताना प्रत्येक भाजीला दोन नावं ठेवा. आम्ही घरात घोसाळं म्हणतो, भाजीवाला गिलकी. दोडका म्हणजे तुरई, शेवग्याच्या शेंगा म्हणजे सुरजना. यादी घेऊन नवऱ्याला पाठवलं तर तो भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मापांत वाटी, जुडी, पाव किलो जसं लिहिलं तसंच राहू द्या. वाट्यांचे ग्रॅम करायला जाऊ नका, वाटीभर रव्याचं वजन वेगळं आणि वाटीभर डाळीचं वेगळं. किराणा महिन्याचा असतो, त्याला 'संपत आलंय' एवढी खूण पुरते. आठवड्याच्या यादीत भाजी, दही, नारळ यापलीकडे फारसं काही नसतं.

तांत्रिक बाजू छोटी आहे. सगळं फोनमध्येच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा. सर्व्हर, लॉगिन काही नको. आठवणींसाठी अँड्रॉइड 13पासून सूचनांची परवानगी वेगळी मागावी लागते. ती अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नका, पहिला भिजवायचा पदार्थ टाकला की मागा, म्हणजे कशासाठी ते कळतं. मिनिटाबरहुकूम अलार्मच्या परवानगीमागे लागू नका. नऊची आठवण नऊ वाजून सात मिनिटांनी आली म्हणून मूग रुसत नाहीत. मात्र फोन बंद करून चालू केला की लावून ठेवलेले अलार्म पुसले जातात, ते पुन्हा लावायची व्यवस्था करा. आमच्याकडे रोज रात्री फोन 'विश्रांतीला' बंद होतो, त्यामुळे हे मला चौथ्याच दिवशी कळलं.

प्ले स्टोअरवर टाकणार असाल तर 25 डॉलर एकदाच भरायचे. शिवाय 13 नोव्हेंबर 2023नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर आधी निदान 12 जणांनी सलग 14 दिवस चाचणीत राहावं लागतं. मी भिशीतल्या बरोबर 12 जणींना घेतलं. नवव्या दिवशी एकीने रागावून चाचणी सोडली, कारण अ‍ॅपने तिला रात्री साडेदहाला छोल्यांची आठवण केली होती आणि ती तेव्हा झोपलेली होती. तुम्ही सोळा-सतरा जण घ्या, आणि आठवणीची वेळ ज्याची त्याला ठरवू द्या.