कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळलेलं कुणी आहे का इथे? कसं असायचं ते क्रिकेट?

हो, मी खेळलोय. ऐंशीच्या दशकात, आधी जी आणि नंतर एफ डिव्हिजन. क्लब लालबाग-परळकडचा. नाव सांगत नाही, कारण तो आता दुसऱ्याच मंडळींच्या हातात आहे आणि त्यांना आमच्या पराक्रमांशी काही देणंघेणं नाही.

लांबच्यांसाठी थोडक्यात: ही मुंबईची भर पावसातली स्पर्धा. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झाली. ए ते जी अशा सात डिव्हिजन, सामने रविवारी. वर कसोटीपटू, खाली आम्ही. सचिन तेंडुलकर वयाच्या अकराव्या वर्षी जॉन ब्राइट क्लबकडून याच लीगमध्ये उतरला होता. आमच्यात अकरा वर्षांचं कुणी नव्हतं, पण पोट सुटलेले दोघे-तिघे होते.

आता क्रिकेटचं. विकेट, म्हणजे खेळपट्टी, झाकलेली नसायची आणि आउटफिल्डचं गवत घोट्याच्या वर. पुस्तकातला कव्हर ड्राइव्ह मारलात तर चेंडू पंधरा-वीस पावलांवर गवतात बसायचा, धाव एक. म्हणून सगळे उचलून मारायचे. नुसतं सरळ टप्प्यावर टाकणारा मध्यमगती बोलर राजा. बाकीचं काम विकेट करायची. एक चेंडू घोट्याशी, पुढचा त्याच टप्प्यावरून हनुवटीशी. आम्ही ६५ धावांत आटोपलो तरी कुणी खांदे पाडायचं नाही, समोरचे ५० मध्ये जाऊ शकत. पहिल्या डावाच्या आघाडीसाठी शेवटची जोडी जी खडूसगिरी करायची, ती बघण्यासारखी! मला विचाराल तर मुंबईच्या बॅट्समनचा चिवटपणा नेट्समध्ये नाही, या चिखलात तयार झाला.

आझाद मैदानावर तर गर्दीच. एकाला लागून एक मॅचेस. आमचा पॉइंटचा आणि शेजारच्या मॅचचा स्क्वेअर लेगचा फील्डर पाठीला पाठ लावून उभे. कुणी 'बॉऽऽल' ओरडलं की आधी डोकं झाकायचं, मग कुठल्या मॅचचा ते बघायचं.

किट कॉमन. पॅडच्या जेमतेम तीन जोड्या, त्यातल्या एकीचा पट्टा तुटलेला, तो नाडीने बांधायचा. जांघेत घालायचं गार्डही कॉमनच. विकेट भराभर पडायला लागल्या की आउट झालेला आणि आत जाणारा बाउंड्रीवर भेटायचे, दोघे पाठ फिरवून उभे आणि घाईघाईत देवाणघेवाण. पंच घड्याळ बघतायत, समोरची टीम हसतेय. भिजलेले, दुसऱ्याच्या घामाचे पॅड चढवताना जी शिरशिरी येते ती अजून विसरलो नाही.

पण खरं सांगू का, टीम आम्ही चालवतच नव्हतो. चालवायचे ते सेक्रेटरी काका. गिरणीत कामाला, स्वतः बॅट कधी धरली नाही. शनिवारी रात्री चाळीचाळीतून फिरून पोरं गोळा करायचे. 'उद्या पाऊस आहे काका' म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'पावसाचीच लीग आहे. सातला ये.' कारण आपली अकरा डोकी मैदानावर नसली की समोरच्यांना फुकटचे पॉइंट. त्यामुळे धो धो पावसातही किटबॅग लोकलच्या लगेजच्या डब्यात घालून आम्ही व्हीटीला उतरायचो, पंच छत्री घेऊन विकेट बघायचे, मान हलवायचे आणि आम्ही वडापाव खाऊन घरी.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. काकांचा पगार थांबला, निम्म्या पोरांच्या घरचा थांबला. त्या पावसाळ्यात वर्गणी मागायची कुणाला? काकांनी मागितलीच नाही. बॉल कुठून आणले ते आम्हाला कळू दिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन चांगले बोलर मात्र गेले, एक गावी आणि एक बँकेच्या टीममध्ये. दुसऱ्याचा आम्हाला हेवाच वाटला. क्रिकेटवर नोकरी लागणं हे आमच्याकडे रणजीत निवड होण्याइतकंच मोठं होतं.

आमची मॅच लवकर आटोपली की काहीजण दादर गाठायचे. शिवाजी पार्क जिमखान्याकडून मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर टाकत असले तर पावसात उभं राहून बघायचं. चाळिशी उलटलेला माणूस, तीच सावकाश चाल, आणि ओल्या विकेटवर बॅट्समनचे पाय जमिनीला खिळलेले. आमचा डावखुरा स्पिनर पुढच्या रविवारी हुबेहूब तसा रनअप घ्यायचा. रनअप जमायचा, पुढचं नाही.