ताईची शिकू पाहणाऱ्या नवोदितास

ताईचीच्या संथ गतीने तुम्हाला आकर्षित केले, हे स्वाभाविक आहे. मात्र ती मुळात युद्धकला आहे, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. चीनच्या हनान प्रांतातील चेनजियागौ या गावी चेन घराण्याने ती जोपासली, तेथे शिकलेल्या यांग लुचान यांनी एकोणिसाव्या शतकात ती बीजिंगला नेली, आणि आज सर्वत्र दिसणारी एकसारख्या लयीची यांग शैली त्यांच्याच घराण्यात घडली. प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने न अडवता, त्याला वळण देऊन तोल घालवणे, हे तिचे खरे सौंदर्य आहे आणि मला ते आजही तितकेच मोहवते.

सुरुवातीला १९५६ साली तयार झालेला २४ हालचालींचा क्रम पुरेसा आहे. त्यात एवढेच पाहा:

- वाकवलेला गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहू द्या. तो आत कलणे ही नवशिक्यांची नेहमीची आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्यापेक्षा गुडघे कमी वाकवून बैठक उंच ठेवलेली बरी.
- पाऊल उचलण्यापूर्वी सारा भार दुसऱ्या पायावर घ्या.
- हात स्वतंत्रपणे फिरवू नका. कंबर वळली की हात वळतील.

श्वास हालचालींशी जुळवण्याचा खटाटोप तूर्त नको. तो सहज चालू द्या. तलवार आणि झटक्याने शक्ती सोडण्याचे तंत्र यांचा विचार पुढे करता येईल. शिक्षक मात्र असा निवडा, जो प्रत्येक हालचालीचा लढतीतील उपयोग प्रत्यक्ष करून दाखवू शकेल.