पोरगा स्टॉपवॉचवाला साहेब होणार का?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत 22 वर्षं मशीन शॉपला आहे, सध्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन). मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याला 'लीन मॅन्युफॅक्चरिंग'मध्ये करिअर करायचंय. पुण्यातला एक क्लास तीन महिन्यांत 'लीन सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट' करून देतो म्हणतो, फी 60 हजार. आमच्याकडे मागे असेच एक साहेब आले होते, हातात स्टॉपवॉच. महिनाभर पाठीमागे उभे राहिले आणि टार्गेट वाढवून गेले. कास्टिंगची ट्रॉली येईपर्यंत मशीन अर्धा-अर्धा तास उभं असतं. काढलेले जॉब (तयार झालेले भाग) पुढचं ऑपरेशन दोन-दोन दिवस उचलत नाही, पावसाळ्यात गंज धरतो, मग आम्हीच घासत बसतो. हे त्यांना दिसलं नाही. पोरगा असाच साहेब होणार का? यात पोट भरतं का?

उत्तर : नमस्कार. 60 हजार अजून भरले नसतील तर भरू नका. कारण पुढे सांगतो, आधी तुमच्या पत्राबद्दल.

ट्रॉलीची वाट, पडून राहिलेले जॉब, गंज, घासणं. लीन म्हणजे कारखान्यात काय वाया जातं ते शोधून कमी करणं. मुलगा ज्याला लीन म्हणतो ते तुम्ही चार ओळींत लिहून मोकळे झालात. टोयोटाच्या ताइची ओनोंनी कारखान्यातल्या वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त माल काढणं, वाट बघणं, मालाची उगाच ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची नाहक हालचाल आणि रिजेक्शन. यातला सगळ्यात वाईट कोणता, तर पहिला, असं ते म्हणत, कारण बाकीचे त्याच्या पोटातून निघतात. तुमच्या शॉपमध्ये तेच चाललंय. पुढच्याला नको असताना माल निघतो, म्हणून पडून राहतो, म्हणून गंजतो, म्हणून घासावा लागतो. स्टॉपवॉचवाल्या साहेबांनी मशीनचा स्पीड बघितला, बिनमधला (जॉब ठेवायच्या पेटीतला) गंज बघितला नाही. टार्गेट वाढवून त्यांनी गंजायला आणखी माल दिला, एवढंच.

या विचाराचं एक मूळ कापड विणायच्या मागात आहे. तुमचे कोणी पाहुणे इचलकरंजीला असतील तर त्यांना लगेच उमगेल. टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची टोयोडांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग केला. तोवर धागा तुटला तरी माग चालतच राही आणि खराब कापड निघत राही. चूक झाली की तिथेच थांबायचं, ही कल्पना पुढे मोटारीच्या कारखान्यात गेली.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण तुम्हाला ज्याची भीती आहे ते मी स्वतः करून बसलोय. समुपदेशनात येण्याआधी मी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये नोकरीला होतो. नवा इंजिनिअर, हातात स्टॉपवॉच! प्रेसमधली डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) उतरवून दुसरी चढवायला 2 तास 10 मिनिटं लागत. 1969 मध्ये शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने टोयोटात 1000 टनी प्रेसची 4 तासांची डाय सेटिंग आधी दीड तासावर आणि मग 3 मिनिटांवर आणली होती, हे मी वाचलेलं. युक्ती ऐकायला सोपी आहे. मशीन बंद असतानाच करावी लागतील एवढीच कामं तेव्हा करायची, बाकीची आधीचा लॉट चालू असतानाच उरकायची.

मी वेळ मोजायला घेतली. एक ऑपरेटर दर सेटिंगला मध्येच लॉकरकडे जायचा. मी कागदावर लिहिलं, 'नाहक हालचाल, 6 मिनिटं'. तिसऱ्या दिवशी त्याच्या मागोमाग गेलो. लॉकरमध्ये बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. आत त्या प्रेसच्या मापाचे टी-बोल्ट, चार पॅकिंग, 24-27 चा पाना, सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. स्टोअरमध्ये बोल्ट शोधायला अर्धा तास जायचा, म्हणून त्याने स्वतःची सोय केली होती. मी ज्याला वाया गेलेला वेळ म्हणत होतो तो वाचवलेला वेळ होता.

मग त्या डब्यातला माल बघून प्रत्येक प्रेसला एक ट्रॉली केली. पुढची डाय आधीच प्रेसजवळ आणून ठेवायला लागलो. वेळ 50 मिनिटांवर आली. कौतुक झालं, फोटो निघाला. पुढच्या महिन्यात ठेकेदाराकडचे दोन हेल्पर गेटवर दिसले नाहीत. त्यानंतर त्या शॉपमध्ये मला कोणी काही सांगितलं नाही. डबा लॉकरमध्ये परत गेला, या वेळी कुलूप लावून.

म्हणून तुमच्या प्रश्नाला 'नाही हो, तसं काही नसतं' असं उत्तर मी देणार नाही. असतं. टोयोटाने 2001 मध्ये आपली तत्त्वं लिहून काढली तेव्हा दोन खांब मानले, सतत सुधारणा आणि माणसांचा मान. आपल्याकडे बरेच मालक पहिला खांब उचलतात आणि दुसरा तिथेच ठेवून येतात. मुलाखतीत मुलाने एक प्रश्न जरूर विचारावा : सुधारणेमुळे मोकळी झालेली माणसं तुम्ही कुठे लावता? समोरचा अडखळला तर समजून जावं.

क्लासबद्दल. बेल्ट ही सिक्स सिग्मातली प्रावीण्याची पायरी. सिक्स सिग्मा म्हणजे आकडेवारी वापरून चुका कमी करायची पद्धत, आणि ती मोटोरोलातून आली. लीनशी तिची सोयरीक नंतर जुळली. गुणवत्तेच्या क्षेत्रातली अमेरिकेतली एएसक्यू ही जुनी संस्था ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसण्याआधी प्रत्यक्ष पुऱ्या केलेल्या प्रकल्पाचा पुरावा मागते. ज्याने अजून कारखान्यात पाऊल ठेवलं नाही, त्याला तीन महिन्यांत मिळणारा ब्लॅक बेल्ट भिंतीवर लावायला बरा.

पोट भरतं का? भरतं, पण 'लीन इंजिनिअर' म्हणून पहिली नोकरी क्वचित मिळते. डिप्लोमानंतर एक वर्षाची अप्रेंटिसशिप किंवा ट्रेनी म्हणून प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी, जिथे मिळेल तिथे दोन-तीन वर्षं काढावी. तिन्ही शिफ्ट बघाव्या. पगार तेव्हा इतर ट्रेनींएवढाच असेल, त्यात वेगळं काही नाही. मग इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा प्लॅनिंगकडे वळता येतं. पुढे शिकायचं असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री आहेच. पवईचं नीटी, जे 2023 पासून आयआयएम मुंबई झालं, ते याच विषयासाठी नावाजलेलं. पण ती फार पुढची गोष्ट.

जवळची गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये लघुउद्योगांसाठी लीन योजना आणली. बेसिक, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, आणि सल्लागाराच्या खर्चातला 90 टक्के वाटा सरकारचा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांसाठी हे सोयीचं आहे. सल्लागार येऊन जातो, त्यानंतर रोज ते टिकवायला आतलाच माणूस लागतो. तो माणूस तुमचा मुलगा होऊ शकतो.

डिप्लोमाच्या कॅपस्टोन (शेवटच्या वर्षाच्या) प्रोजेक्टचा विषय ठरला नसेल तर तुमच्या सुपरवायझरशी बोलून त्याला तुमच्या शॉपमध्ये दोन दिवस उभं राहण्याची परवानगी मिळवा. ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात तासन्‌तास उभं करत, नुसतं बघायला. मुलालाही तसंच उभं करा. मोबाईल गेटवर, स्टॉपवॉच घरी. आणि ट्रॉलीचं, गंजाचं त्याला आधी काही सांगू नका. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना विचारा, काय दिसलं. तो तुमच्या हातांच्या स्पीडबद्दल बोलायला लागला तर मला परत लिहा. बिनमधल्या गंजाबद्दल बोलला तर त्याला या वाटेने जाऊ द्या.