स्कूबा व्यवसायाची व्यापारी संघटना लहान सदस्यांसाठी खरंच काही करते का?

तुमचा प्रश्न असा आहे : तुमचं छोटं डाइव्ह सेंटर आहे, डेमाची, म्हणजे डायव्हिंग इक्विपमेंट अँड मार्केटिंग असोसिएशन या अमेरिकी व्यापारी संघटनेची, वर्गणी भरावी की नाही हे ठरत नाहीये, आणि ही संघटना सगळ्या सदस्यांची आहे की फक्त मोठ्या कंपन्यांची, अशी शंका आहे. मी आधी इन्स्ट्रक्टर होते, आता एका डाइव्ह सेंटरची खरेदी आणि हिशेब बघते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

जिथे सगळ्या सदस्यांचं हित एकच असतं, तिथे अशी संघटना चांगलं काम करते. जिथे एका सदस्याचा फायदा हे दुसऱ्याचं नुकसान असतं, तिथे ती गप्प बसते. लहान दुकानाची खरी दुखणी बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असतात. त्यामुळे संघटनेबद्दल नाराज असलेले लोक खोटं बोलत नाहीत आणि समाधानी असलेलेही नाहीत. ते वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत असतात.

आधी 'सदस्य' म्हणजे कोण ते बघा. डेमाची सुरुवात उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना म्हणून झाली, त्या वेळी नावात 'मॅन्युफॅक्चरर्स' होतं. पुढे दारं सगळ्यांना उघडली. आज तिच्यात पाच गट आहेत : उपकरणांचे उत्पादक, ट्रेनिंग एजन्सी म्हणजे कोर्स आखून डायव्हरना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, प्रकाशन-माध्यमं आणि सल्लागार, किरकोळ विक्रेते म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी दुकानं आणि सेंटर, आणि पाचवा गट रिसॉर्ट-पर्यटनवाल्यांचा. संचालक मंडळावर या गटांचे निवडलेले प्रतिनिधी असतात. कागदावर ही रचना न्याय्य आहे आणि मला ती मनापासून योग्य वाटते. पण बैठकीच्या टेबलाभोवती बसलेली ही माणसं बाहेर एकमेकांची गिऱ्हाइकं आणि पुरवठादार आहेत, काही वेळा सरळ प्रतिस्पर्धी आहेत.

उदाहरण घ्या. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं उपकरण) किंवा बीसीडी (पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) बनवणारी कंपनी स्वतःच्या वेबसाइटवरून थेट ग्राहकाला माल विकू लागली, की दुकानाकडे उरतं ते मापाला घालून बघू देणं, सल्ला देणं आणि सर्व्हिसिंग. ग्राहक तुमच्याकडे येऊन तासभर मास्क लावून बघतो आणि खरेदी घरी जाऊन करतो. ट्रेनिंग एजन्सीचंही तसंच. कोर्सचा थिअरीचा भाग ऑनलाइन झाल्यापासून विद्यार्थी काही वेळा एजन्सीला आधी पैसे देतो आणि तुमच्याकडे फक्त पूल आणि समुद्रातल्या डाइव्हसाठी येतो. पूलचं भाडं, सिलिंडर, कॉम्प्रेसरची देखभाल, विमा आणि इन्स्ट्रक्टरचा पगार मात्र तुमच्याच खात्यातून जातो. आता संघटनेने कोणाची बाजू घ्यायची? उत्पादक सदस्य, एजन्सी सदस्य, तुम्हीही सदस्य. ती कोणाचीच बाजू घेत नाही. तुम्हाला तो दुर्लक्षाचा अनुभव वाटतो, कारण त्या क्षणी तुम्हाला फक्त हीच मदत हवी असते.

दुकानदारांची एक तक्रार मी नेहमी ऐकते : ऑनलाइन सवलतीचा हा धुमाकूळ संघटना थांबवत का नाही? इथे संघटनेच्या बाजूने बोलायला हवं. अमेरिकेत १८९० पासून शेरमन कायदा आहे. स्पर्धकांनी एकत्र बसून किमती ठरवणं त्यात गुन्हा ठरतं, आणि व्यापारी संघटनेची बैठक ही अशी ठरवाठरवी होण्याची पहिली जागा मानली जाते. म्हणूनच अशा बैठकांत किमतीचा विषय निघाला की जबाबदार पदाधिकारी तो तिथेच थांबवतात. एखादा उत्पादक आपल्यापुरतं किमान विक्रीमूल्य ठरवू शकतो. २००७ च्या लीगिन निकालानंतर तिथलं सर्वोच्च न्यायालय अशा अटी सरसकट बेकायदा मानत नाही, प्रकरणागणिक तपासते. पण तो निर्णय त्या एकट्या कंपनीचा असतो. संघटनेकडे ही मागणी करण्यात वेळ घालवू नका. ती मागणी तुमच्या पुरवठादाराकडे करा, आणि तो ऐकत नसेल तर दुसरा ब्रँड ठेवा. तेवढी ताकद लहान दुकानाकडेही असते.

आता पैशाकडे वळू, कारण संघटनेचं लक्ष कुठे असेल हे त्यावरून कळतं. डेमाचा मोठा आधार म्हणजे तिचं वार्षिक प्रदर्शन. ते बहुतेक ऑर्लँडो आणि लास व्हेगास यांच्यात आलटून-पालटून भरतं, २०२३ ला न्यू ऑर्लिन्सला भरलं होतं. तिथे फक्त व्यवसायातल्या लोकांना प्रवेश असतो. प्रदर्शन चालतं ते स्टॉल घेणाऱ्यांच्या भाड्यावर, आणि मोठा स्टॉल कोण घेतं? उत्पादक, एजन्सी, पर्यटन मंडळं. यात कसलाही कट नाही. पण जो मोठं बिल भरतो त्याचा फोन आधी उचलला जातो, हे कोणत्याही धंद्यात खरं आहे. २०२० मध्ये साथीमुळे सभागृहातलं प्रदर्शन होऊ शकलं नाही, तेव्हा एकाच कार्यक्रमावर एवढं अवलंबून राहणं किती धोक्याचं आहे ते सगळ्यांनाच दिसलं.

हे प्रदर्शन दुकानाला निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सर्व्हिसिंगचे वर्ग, नव्या मॉडेलचे भाग हातात घेऊन बघणं, रिसॉर्टवाल्यांशी समोरासमोर बसून ग्रुपचे दर ठरवणं, ही कामं ईमेलवर आठवडे खातात आणि तिथे एका बैठकीत उरकतात. फक्त आधी भेटी ठरवून जा. भेटी न ठरवता गेलात तर नुसते माहितीपत्रकांचे गठ्ठे घेऊन परत याल. आणि तुम्ही अमेरिकेपासून लांब असाल तर प्रवासाचा खर्च वर्गणीच्या कितीतरी पट होईल. त्यामुळे वर्गणी भरावी का आणि प्रदर्शनाला जावं का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

आता ज्या कामासाठी मी स्वतः अशा संघटनांना मानते, ते काम : सरकारी नियम.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम करणाऱ्या ओशा या खात्याने १९७७ मध्ये व्यावसायिक डायव्हिंगचे नियम केले. तेल-कंपन्यांसाठी, पुलांच्या पायांसाठी, पाण्याखाली वेल्डिंग करणाऱ्यांसाठी ते होते. हौशी डायव्हिंग शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरना त्यातून वगळलं गेलं, पण अट अशी की साधी दाबलेली हवा आणि ओपन-सर्किट स्कूबा (ज्यात सोडलेला श्वास सरळ पाण्यात जातो) वापरायचं आणि डीकम्प्रेशन, म्हणजे वर येताना मध्ये थांबे घेणं, लागणार नाही अशा मर्यादेत राहायचं. ही सूट मिळाली नसती तर किनाऱ्यावर ओपन वॉटर हा पहिला कोर्स घेणारा पगारी इन्स्ट्रक्टर आणि तेलविहिरीवर काम करणारा डायव्हर एकाच नियमात आले असते, आणि लहान शाळा बंद पडल्या असत्या.

पुढे नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) आलं, सोडलेला श्वास शुद्ध करून परत वापरणारे रिब्रीदर आले. 'साधी हवा' या शब्दांत ते बसेनात. म्हणजे नायट्रॉक्सचा कोर्स घेणाऱ्या पगारी इन्स्ट्रक्टरसाठी डाइव्हच्या जागी रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हरला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची बंद टाकी, ठेवणं भाग होतं. जहाजावर चेंबर घेऊन कोणतं डाइव्ह सेंटर फिरणार? फ्लोरिडातल्या डिक्सी डायव्हर्स या कंपनीने या अटीतून सवलत मागितली आणि १९९९ मध्ये ती तिला मिळाली. खोलीच्या, ऑक्सिजनच्या दाबाच्या मर्यादा आणि तातडीच्या उपचारांची तयारी, अशा अटी होत्या. २००४ मध्ये ओशाने तीच सवलत नियमात घालून अशा सगळ्या इन्स्ट्रक्टर आणि गाइडसाठी खुली केली.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, पाच गटांपैकी एकालाही यात तोटा नव्हता. उत्पादकाला नायट्रॉक्सचं सामान विकायचं होतं, एजन्सीला कोर्स, दुकानाला गॅस, रिसॉर्टला गिऱ्हाईक. असा विषय असला की सगळे एका आवाजात बोलतात आणि तिथेच संघटनेचा उपयोग सर्वांत जास्त होतो. दुसरं, फायदा सगळ्यांना झाला, ज्यांनी कधी कोणत्याच संघटनेला एक पैसा दिला नाही त्यांनाही. नियमांच्या कामाचं हेच होतं. फळ न मागता दारात येतं, म्हणून वर्गणी वाया गेली असं वाटतं. 'गेल्या वर्षी संघटनेने माझ्यासाठी काय केलं?' असं विचारलं की उत्तर सापडत नाही, कारण जो वाईट नियम झालाच नाही त्याची पावती मिळत नसते.

माहिती गोळा करण्याचं कामही असंच सामायिक. पाडी या मोठ्या ट्रेनिंग एजन्सीने १९६७ पासून जगभरात दिलेली प्रमाणपत्रं अडीच कोटींच्या पुढे गेली आहेत. पण एकाच माणसाने ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड आणि रेस्क्यू केलं तर ती तीन प्रमाणपत्रं होतात, आणि त्यातला कोण अजून पाण्यात उतरतो हे त्या आकड्यावरून समजत नाही. दुकानदाराला हवा असतो तो वेगळा आकडा : या वर्षी नवे किती आले, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त. स्पर्धक एजन्सी एकमेकींना असे आकडे दाखवणार नाहीत. ते तटस्थ ठिकाणी एकत्र करून फक्त बेरीज प्रसिद्ध करणं हे संघटनाच करू शकते, आणि डेमा अमेरिकेपुरतं ते करते. मोठ्या एजन्सींनी आकडे दिले नाहीत तर ही बेरीज लंगडी पडते, म्हणून ती वाचताना कोणी आकडे दिलेत हे आधी बघा.

नवे लोक आणण्याच्या जाहिरात-मोहिमांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 'बी अ डायव्हर' मध्ये फिरता पूल घेऊन लोकांना पाण्याखाली श्वास घेऊन बघायला दिलं, नंतर 'गो डाइव्ह नाऊ' आलं. हेतू चांगला होता. पण या व्यवसायाची गळती पहिल्या कोर्सनंतर होते. कार्ड मिळतं आणि माणूस परत येत नाही. त्याला परत बोलावण्याचं काम तुमच्या फोनने आणि तुमच्या पुढच्या सहलीने होतं, देशभराच्या जाहिरातीने नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र मला अशा सगळ्या संघटनांकडून जास्त हवं आहे. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या 'कन्सेप्शन' या डाइव्ह-बोटीला आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेली ३४ माणसं गेली. चौकशीत निघालं की रात्री जागं राहून फेरी मारणारा पहारेकरी नव्हता. तो ठेवण्याचा नियम आधीपासूनच होता. नंतर तटरक्षक दलाने आगीचे नियम आणखी कडक केले. बोटीवरून एकदा जरी गटाला रात्रीच्या मुक्कामाला नेलं असेल, तर ही घटना डोक्यातून जात नाही. व्यापारी संघटनेचं सदस्यत्व हा सुरक्षिततेचा शिक्का नाही. वर्गणी भरली की सदस्य होता येतं, आणि ग्राहकाला हे माहीत नसतं. वाईट नियम अडवण्यासाठी जी ताकद वापरली जाते, तीच चांगला नियम पाळून घेण्यासाठीही वापरली पाहिजे, असं मी प्रत्येक वेळी म्हणत आले आहे.

असं काम एकत्र येऊन होऊ शकतं याचा पुरावा आपल्या काउंटरवरच आहे : २०२० मध्ये आलेला डायव्हरच्या आरोग्याचा नवा फॉर्म. डायव्हिंग-वैद्यकातल्या तज्ज्ञांनी तो तयार केला आणि ट्रेनिंग एजन्सींच्या जागतिक परिषदेने तो स्वीकारला. त्यामुळे विद्यार्थी कोणत्याही मोठ्या एजन्सीचा असो, प्रश्न तेच. कोणत्या उत्तराला डॉक्टरची सही लागते हेही स्पष्ट झालं. फॉर्मवर ग्राहकाशी घातलेली हुज्जत त्याने बरीच कमी झाली.

तर तुमच्या वर्गणीचं काय? अशा अमेरिकी संघटनांना 'फॉर्म ९९०' हे वार्षिक विवरण भरावं लागतं आणि ते कोणालाही बघता येतं. त्यात उत्पन्न कुठून आलं आणि खर्च कुठे झाला हे असतं. प्रदर्शनातून किती, वर्गणीतून किती, नियमांच्या कामावर किती, एवढं बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचं सेंटर दुसऱ्या देशात असेल तर तुमचे नियम तुमच्याच सरकारकडून येणार. तिथे स्थानिक चालकांची संघटना असेल तर आधी तिची वर्गणी भरा, डेमाची त्यानंतर.

मी वर्गणी भरते. ओशाच्या सवलतीसारख्या कामाचं फळ मी खाते, तर त्याचा खर्च दुसऱ्यावर टाकणं मला पटत नाही. पण वर्गणी भरून थांबत नाही. तुमच्या सदस्यत्वात मताचा हक्क आहे का ते आधी तपासा, आणि असेल तर किरकोळ विक्रेत्यांच्या जागेसाठी उभ्या असलेल्या उमेदवाराला मत देण्याआधी लिहून विचारा : उत्पादक आणि एजन्सी थेट आमच्या ग्राहकाला विकतात, या विषयावर तुम्ही मंडळाच्या बैठकीत नेमकं काय मांडणार आहात? उत्तर गोलमोल आलं तर मत दुसऱ्याला द्या. उत्तरच आलं नाही तर पुढच्या निवडणुकीला स्वतः उभे राहा.