कांजण्यांनंतर काही महिन्यांनी स्ट्रोक आणि अ‍ॅस्पिरिनचा गोंधळ

ताई, तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला कांजण्या होऊन तीन महिने झाले, आता अचानक डावा हात-पाय लुळा पडला, एमआरआयमध्ये स्ट्रोक निघाला, आणि तुम्ही विचारताय की कांजण्यांचा संबंध आहे का, आणि लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन द्यायची की नाही. मी डॉक्टर नाही, पण आमची लेक यातून गेलीये.

संबंध असू शकतो. तीन महिन्यांपूर्वीचं कशाला उकरून काढायचं असं घरातलं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला पुरळ कधी आलं ते नीट सांगा. अंगावरचे फोड वाळले तरी व्हायरस शरीरात नसांच्या गाठींमध्ये दबा धरून असतो, तिथून तो मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचला की भिंतीला सूज येते, आतली वाट अरुंद होते आणि तिथे गुठळी धरते. पहिल्या सहा महिन्यांत धोका जास्त, पण वर्षभरापूर्वीच्या कांजण्याही डॉक्टर विचारात घेतात. फार क्वचित होतं हे, म्हणूनच पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. नुसत्या एमआरआयवर थांबले असतील तर अँजिओग्राफी केली का ते विचारा, कारण खरा दोष रक्तवाहिनीत दिसतो. हृदयाची इको आणि रक्त गोठण्याच्या टेस्टही होतीलच.

आता अ‍ॅस्पिरिन. "लहान मुलांना देऊ नये" हे तुम्ही वाचलंय ते खरंय, फ्लू किंवा कांजण्या चालू असताना दिली तर रे सिंड्रोम होऊ शकतो, त्यात लिव्हर आणि मेंदू दोन्हींना धोका असतो. पण स्ट्रोकनंतर देतात तो डोस अगदी कमी असतो, दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते ५ मिलिग्रॅम, आणि तो परत गुठळी होऊ नये म्हणून. मनानं बंद करू नका प्लीज!! पुन्हा होण्याची भीती सुरुवातीच्या काही महिन्यांतच जास्त असते. गोळी चालू असताना ताप आला, फ्लूची शंका आली किंवा घरात कोणाला कांजण्या निघाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ते ठरवतील. तापाला पॅरासिटामॉल चालेल, पण ब्रुफेन नको (ती अ‍ॅस्पिरिनच्या आड येते). फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घ्या, आणि धाकट्या भावंडाला कांजण्यांची लस राहिली असेल तर तीही.

हाताचं म्हणाल तर फिजिओ आत्ताच सुरू करा. आमची लेक अंगठा मुठीत दाबून ठेवायची आणि सगळी कामं चांगल्या हाताने उरकायची, मग थेरपिस्टने चांगल्या हाताला रोज थोडा वेळ मोजा घालायला लावला, रडारड खूप झाली पण दुसरा हात वापरात आला. बारीक बटणं अजून जमत नाहीत तिला, पेन्सिल धरते.