जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी आजच कर्ज काढावे का?

मानेवाड्याचे एक वाचक लिहितात की, बावीस वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा पुढे आलेला असल्याने शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि धंतोलीतील एका रुग्णालयाने 3,20,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. घरात 1,50,000 रुपयांची मुदत ठेव असून दरमहा 15,000 रुपये शिल्लक राहतात. तेव्हा 14 टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज काढून हे काम उरकावे का?

माझ्या मते काढू नये, आणि याचे कारण उपचाराच्या क्रमातच आहे. या शस्त्रक्रियेत जबड्याचे हाड कापून योग्य जागी सरकवतात व टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्के करतात. परंतु त्याआधी तारा लावून दात ओळीत आणण्यात बहुधा वर्ष-दीड वर्ष जाते, आणि रुतलेल्या अक्कलदाढा असल्यास त्याही पुष्कळदा सहा महिने आधी काढतात. काही निवडक रुग्णांत आधी शस्त्रक्रिया करतात. तसे आपल्या सर्जनने सांगितले नसेल, तर मोठी रक्कम आज लागणारच नाही. तीन वर्षांच्या कर्जाला सुमारे 10,940 रुपयांचा हप्ता पडेल आणि व्याजापोटी जवळपास 74,000 रुपये जातील. त्याऐवजी 11,000 रुपयांची आवर्ती ठेव अठरा महिने चालवल्यास मुदत ठेवीसह व्याजाविनाच 3,48,000 रुपये होतात, आणि उरलेल्या 4,000 रुपयांतून तारांचे पैसे भेटीगणिक देता येतील.

आपण पाठवलेल्या अंदाजपत्रकात तळाशी ‘प्लेट, स्क्रू वेगळे’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे. तो आकडा आधी लेखी मागावा. शासकीय दंत महाविद्यालयातही मुलीला एकदा दाखवून यावे. तिथे रांग असते, पण खर्चाची तुलना करायला दुसरा कागद हाती येतो.

विम्यावर आज भिस्त ठेवू नये. बहुतेक पॉलिसींत अपघात सोडून दंतोपचार आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. चावताना किंवा श्वास घेताना खरोखर त्रास होत असेल, तर सर्जनकडून तसे प्रमाणपत्र घेऊन विमा कंपनीला आताच लेखी विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पातळ व मऊ आहारावर काढावे लागतात (तर्री-पोहे तोवर बंद), आणि मुलगी नोकरीत नवीन असल्याने बिनपगारी रजेचा एक महिना हिशेबात धरावा. मुदत ठेव मोडू नये; नूतनीकरणाच्या वेळी तिची मुदत शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी संपेल अशी बेतावी.